हातोहात व्हिडिओ: थेट प्रक्षेपणाचा भार प्रेक्षकांनीच वाटून घेतला तर?

वाफसा | ४ जानेवारी, रात्री ९:५२

मंडळी, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची व्याख्यानमाला असते. जानेवारीत पाच संध्याकाळी, सात ते साडेआठ. गावातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईत, काही आखातात, काही अमेरिकेत. त्यांना घरबसल्या ऐकता यावं म्हणून गेल्या वर्षी थेट प्रक्षेपण सुरू केलं. आधी एका मोठ्या फुकट व्हिडिओ-संकेतस्थळावरून केलं होतं. पहिल्या दिवशी सुरुवातीला शाळेतल्या मुलींनी अभंग म्हटला. चाल कुणाच्या तरी ध्वनिमुद्रणाशी जुळली म्हणून दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगचा तेवढा भाग मुका झालेला. दाद मागितली, पण उत्तर येईपर्यंत व्याख्यानमाला संपून गेली असती. मग ठरवलं की सर्व्हर आपला आपण उभा करायचा.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक सर्व्हर भाड्याने घेतला. लाइन ५०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ५०० मेगाबिट. ७२० पीचं चित्र आम्ही २.५ एमबीपीएसला पाठवतो. ५०० भागिले २.५, म्हणजे २०० प्रेक्षक. हा हिशोब मी आधी वहीत करून ठेवला होता आणि दोनशे कधी होणार, असं समजून सोडून दिला होता. तिसऱ्या दिवशी गावच्या नदीवर बोलणारे वक्ते होते. दोनशेचा आकडा ओलांडला आणि पडद्यावर चकरी फिरायला लागली. दोनशेएकावा माणूस आला म्हणून त्याचं एकट्याचं अडत नाही, सगळ्यांचंच थोडं थोडं अडतं. दोह्याहून मावशीचा फोन आला, "अरे, त्यांचं तोंड उघडंच राहिलंय, पुढे काय म्हणाले?"

यंदा आम्ही पी-टू-पी, म्हणजे प्रेक्षकांनीच एकमेकांना चित्र पुरवायची पद्धत, वापरणार आहोत. गेले चार महिने त्याच्यामागे आहे, म्हणून हा धागा.

कल्पना घराच्या स्लॅबसारखी आहे. खालचा एकच माणूस प्रत्येक घमेलं घेऊन जिना चढायला लागला तर काँक्रीट वाळून जाईल. म्हणून माणसं रांगेने उभी राहतात आणि घमेलं हातोहात वर जातं. व्हिडिओचंही तसंच. थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. सर्व्हर तो तुकडा काही प्रेक्षकांना देतो, आणि ते स्वतः बघता बघता त्याची प्रत इतरांना देतात. पाहणाऱ्याचा अपलोड एरवी रिकामाच पडलेला असतो, तो इथे कामाला येतो. प्रेक्षक वाढले की मागणी वाढते तसे वाटणारे हातही वाढतात. मला या गोष्टीचं सगळ्यात अप्रूप वाटतं.

आम्ही निवडलेलं सॉफ्टवेअर पीअरट्यूब. फ्रामासॉफ्ट ही फ्रान्समधली ना-नफा संस्था ते सांभाळते. पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, थेट प्रक्षेपणाची सोय जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत. प्रेक्षकाला काहीही बसवावं लागत नाही, ब्राउझर पुरतो.

ज्यांनी असलं काही चालवलंय त्यांनी अनुभव लिहा. १८ तारखेला पहिलं व्याख्यान आहे.

पाणंद | ४ जानेवारी, रात्री १०:३५

वाफसा, उपक्रम फार आवडला. मी निवृत्त शिक्षक, तांत्रिक ज्ञान बेताचं. दोन शंका. हे टोरंटच ना? टोरंट म्हणजे चोरीचे सिनेमे, असं आमच्या मुलाने सांगितलं होतं. दुसरं, स्लॅबच्या रांगेतला एक गडी मध्येच पाणी प्यायला गेला तर घमेलं तिथेच अडणार नाही का?

कंदील | ५ जानेवारी, सकाळी ७:१०

सर, दुसरी शंका फार नेमकी आहे. याच एका प्रश्नावर या क्षेत्रातल्या लोकांची कितीतरी वर्षं गेली, म्हणून जरा मागून सांगतो. मी नेटवर्कमध्ये काम करतो.

मुळात ही नक्कल करायचं काम रस्त्यातल्या राउटरने करावं असा विचार होता. सर्व्हरने एकच प्रत सोडायची आणि जिथे वाटा फुटतात तिथे राउटरने तिच्या प्रती काढायच्या. याला मल्टिकास्ट म्हणतात, स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ते मांडलं. एकाच कंपनीच्या जाळ्यात ते उत्तम चालतं, ब्रॉडबँडवरून येणारे टीव्ही चॅनेल बऱ्याच ठिकाणी असेच येतात. पण अख्ख्या इंटरनेटवर ते कधी रुजलं नाही, कारण हजारो कंपन्यांच्या राउटरांनी एकमेकांसाठी ते काम करायला हवं होतं, आणि त्याचे पैसे कोणी कोणाला द्यायचे याचं उत्तर नव्हतं.

मग २००० च्या सुमारास अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी म्हटलं, राउटर करत नाही ना, तर हे काम टोकाच्या संगणकांनीच करू. सुरुवातीची रचना झाडासारखी होती. मुळाशी सर्व्हर, त्याला दोन-चार फांद्या, त्यांना पुढच्या फांद्या. इथे सरांची शंका खरी ठरते. वरच्या फांदीवरच्या माणसाने लॅपटॉप मिटला की खालची सगळी फांदी सुकते. शिवाय टोकाची पानं नुसती घेतात, देत काहीच नाहीत.

यावर उतारा निघाला तो जाळ्याचा. २००४ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी कूलस्ट्रीमिंग नावाचा प्रयोग लोकांसाठी खुला केला. त्यात ठरलेला बाप नाही, ठरलेलं मूल नाही. प्रत्येकाला थोडे शेजारी. दर थोड्या वेळाने सगळे एकमेकांना सांगतात, 'माझ्याकडे अमुक अमुक तुकडे आहेत.' ज्याच्याकडे हवा तो तुकडा आहे त्याच्याकडून मागून घ्यायचा. एक शेजारी उठून गेला तर दुसऱ्याकडे मागायचा. त्या प्रयोगाला ३०,००० वर लोकांनी हजेरी लावली आणि गर्दीच्या वेळी ४,००० हून जास्त जण एकाच वेळी होते, आणि हे २००४ मधल्या घरगुती लाइनवर. चीनमध्ये वूहानच्या विद्यापीठातून निघालेलं पीपीलाइव्ह याच वाटेने मोठं झालं.

तेव्हा सर, स्लॅबची एक रांग न धरता आजूबाजूला उभी असलेली सगळी माणसं धरा. ज्याच्या हाती घमेलं असेल त्याच्याकडून घ्यायचं.

आणि टोरंट म्हणजे चोरी नव्हे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरंट काढलं ते मोठी फाइल अनेकांनी मिळून वाटायची पद्धत म्हणून. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीच्या कितीतरी सीडी अशाच वाटल्या जातात. रस्ता चोरही वापरतो आणि रुग्णवाहिकाही.

रानजाई | ५ जानेवारी, सकाळी ११:४५

कंदील, छान लिहिलंत. एक गोष्ट जोडते. टोरंट आणि थेट प्रक्षेपण यांत तुकडे मागायची पद्धत उलटी आहे. टोरंटमध्ये सगळ्यात दुर्मीळ तुकडा आधी घ्यायचा, म्हणजे कुठलाच तुकडा जाळ्यातून नाहीसा होत नाही. फाइल पूर्ण होईपर्यंत क्रमाशी कोणाला देणंघेणं नसतं. व्हिडिओ बघताना मात्र पुढच्या पाच सेकंदांचा तुकडा आत्ता हवा, अर्ध्या तासानंतरचा असून उपयोग नाही.

म्हणून आजची बहुतेक सॉफ्टवेअरं मिश्र पद्धतीने चालतात. अगदी लगेच लागणारा तुकडा सर्व्हरकडून घ्यायचा, जरा पुढचा असेल तर शेजाऱ्यांकडे मागायचा. शेजाऱ्याने वेळेत दिला तर सर्व्हरचं तेवढं ओझं कमी झालं. नाही दिला, तर वेळ जवळ येताच सर्व्हरकडे जायचं. बघणाऱ्याला कळतही नाही. पीअरट्यूबच्या आत पी-टू-पीचा जो तयार कोड आहे तो असंच करतो.

मी सोलला राहते. कोरियात हा विषय फार जवळचा आहे. इथलं आफ्रिकाटीव्ही हे थेट प्रक्षेपणाचं संकेतस्थळ, आता नाव सूप झालंय, वर्षानुवर्षं ग्रिड नावाने हेच वापरायचं: वरच्या दर्जाचं चित्र हवं तर संगणकावर त्यांचा छोटा प्रोग्राम बसवावा लागायचा, आणि तो तुमचा अपलोड वापरायचा. कारण इथे नेटवर्क कंपन्या व्हिडिओ पाठवणाऱ्यांकडून भरमसाट शुल्क घेतात. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या अमेरिकी संकेतस्थळाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये कोरिया सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या प्रमुखांनी स्पष्ट लिहिलं होतं की इथलं नेटवर्क शुल्क बहुतेक देशांच्या दहापट आहे. आधी पी-टू-पी करून पाहिलं, मग चित्र ७२० पीवर आणलं, तरी तोटा भरून निघाला नाही. २७ फेब्रुवारी २०२४ ला ते बंद झालं. माझ्या प्रयोगशाळेतली मुलं रात्री बाराच्या आधी आपापल्या आवडत्या चॅनेलांना निरोप देत बसली होती.

सांगायचं एवढंच की पी-टू-पी खर्च कमी करतं. खर्चच अवाढव्य असेल तर ते एकटं पुरं पडत नाही.

दीपमाळ | ५ जानेवारी, दुपारी ४:२०

लंडनहून लिहितेय. बीबीसीने २००७ च्या नाताळात आयप्लेयर, म्हणजे त्यांचे कार्यक्रम संगणकावर बघायची सोय, सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा कार्यक्रम उतरवून घ्यायच्या भागात काँटिकी नावाचं पी-टू-पी होतं. मी तेव्हा इथे नुकतीच आले होते. आयप्लेयर बंद केला तरी मागे एक प्रोग्राम चालूच राहायचा आणि आपण बघितलेले कार्यक्रम इतरांना पाठवत बसायचा. घरी महिन्याला ठरावीक जीबीचं कनेक्शन. माझ्या घरमालकीणबाईंचा डेटा महिना संपायच्या आत संपला, आणि त्या मला विचारत होत्या की मी रात्री काय करत असते. मला खरंच काही माहीत नव्हतं. पुढे वर्षभराने बीबीसीने ते काढून टाकलं.

जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीला सीएनएननेही ऑक्टोशेप नावाचं असंच प्लगिन वापरलं. प्रक्षेपण दणदणीत झालं, एका वेळी दहा लाखांच्या वर लोक बघत होते. पण नंतर बऱ्याच जणांना कळलं की 'होय' दाबताना आपण आपला अपलोड दिला होता.

वाफसा, तुमची मंडळी साधी माणसं आहेत. त्यांना आधी सांगा. पानावर ठळक लिहा.

वाफसा | ५ जानेवारी, रात्री ९:०५

दीपमाळ, तुमचं म्हणणं एकदम पटलं. घरमालकीणबाईंचा प्रसंग वाचून मी आज संध्याकाळीच पानावरची सूचना लिहायला घेतली: 'हे प्रक्षेपण बघताना तुमच्या इंटरनेटचा थोडा अपलोड इतर श्रोत्यांना चित्र पोचवण्यासाठी वापरला जातो. नको असल्यास बंद करता येतो. टॅब बंद केला की वापर थांबतो.' ब्राउझरमध्ये असल्यामुळे मागे काही चालत राहत नाही, हा तेव्हाच्या आणि आताच्या पद्धतीत मोठा फरक आहे.

मोबाइल डेटाचा हिशोबही मांडून बघितला. दीड तासाचं व्याख्यान २.५ एमबीपीएसने म्हणजे जवळजवळ १.७ जीबी. दिवसाला दीड जीबीचं पॅक असणाऱ्याला शेवटची दहा मिनिटं मिळणारच नाहीत, आणि पी-टू-पीशी याचा काही संबंध नाही, नुसतं बघण्यातच एवढा डेटा जातो. म्हणून १ एमबीपीएसचं ४८० पी चित्रही ठेवतोय, ते पावणेसातशे एमबीत होतं. ब्राउझरने 'मी मोबाइल डेटावर आहे' असं सांगितलं तर पीअरट्यूब त्या फोनवरून काही अपलोड करत नाही, शेजाऱ्यांकडून फक्त घेतं. अँड्रॉइडवरचा क्रोम हे सांगतो. सगळे ब्राउझर सांगत नाहीत, म्हणून सूचनेत वेगळी ओळ घातली.

ओवरी | ६ जानेवारी, सकाळी ८:३०

धागा वाचतेय, शिकतेय. पण डेटापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते. दोन ब्राउझर एकमेकांशी थेट बोलतात तेव्हा दोघांना एकमेकांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, कळतो. एरवी मी काय बघते ते सर्व्हरवाल्याला कळतं. इथे माझ्याबरोबर तोच व्हिडिओ बघणाऱ्या अनोळखी माणसालाही कळतं की या पत्त्यावरून कोणीतरी हे बघतंय.

नदीवरचं व्याख्यान असेल तर ठीक. मी ज्या स्त्रियांबरोबर काम करते त्यांच्यासाठी आम्ही घरातल्या हिंसेवर कायदेशीर माहितीचे व्हिडिओ ठेवतो. तिथे हे चालणार नाही.

कंदील | ६ जानेवारी, सकाळी ९:१५

ओवरी, शंभर टक्के बरोबर. तिथे पी-टू-पी वापरूच नका. पीअरट्यूबमध्ये चालवणाऱ्याला ते मुळातच बंद ठेवता येतं, आपल्या पानावर आणि दुसऱ्याच्या पानात जोडलेल्या व्हिडिओतही, दोन्ही स्वतंत्रपणे. बघणाराही आपल्या सेटिंगमध्ये बंद करू शकतो. पण तुमच्यासारख्या कामात बघणारीवर ते सोडू नये, चालवणाऱ्यानेच बंद करावं. तसंही असे व्हिडिओ एका वेळी एक-दोघी बघतात. शेजारीच नसतील तर पी-टू-पीचा फायदा शून्य, आणि धोका मात्र उरतो.

आयपी पत्त्यावरून नाव-घर कळत नाही हे खरं, पण गाव आणि कंपनी कळू शकते. लहान गावात तेवढंही पुष्कळ झालं.

ओवरी | ६ जानेवारी, सकाळी ९:४०

धन्यवाद. आजच बंद करायला सांगते.

गोफण | ६ जानेवारी, दुपारी १:०५

हिंजवडीहून. आमच्याकडे हेच तंत्र अगदी वेगळ्या कारणासाठी आलं. कंपनीची तिमाही सभा सगळ्यांनी आपापल्या जागेवरून बघायची. एका इमारतीत दोन हजार माणसं, आणि इमारतीला बाहेर जोडणारी लाइन एकच. बाहेरचा सर्व्हर कितीही मोठा असला तरी ती एकच वाहिनी तुंबायची. त्या तासात पगाराचं काम करणाऱ्यांचंही नेट बसायचं.

आता बाहेरून मोजक्या प्रती आत येतात आणि पुढे इमारतीतल्या इमारतीत लॅपटॉप एकमेकांना देतात. ऑफिसच्या आतलं जाळं तर भरपूर रुंद असतं. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये पीअर५ ही कंपनी घेतली ती याच कामासाठी. मला वाटतं पी-टू-पी सगळ्यात शोभतं ते इथे: सगळे एका वेळी एकच बघतात, सगळे तारेवर किंवा चांगल्या वायफायवर, आणि एकमेकांचे आयपी पत्ते लपवण्यासारखं काही नाही.

वाफसा, वाचनालयातच खालच्या खोलीत जास्तीची माणसं बसवून पडदा लावत असाल किंवा लोक तिथल्या वायफायवर फोनवर बघत असतील, तर तिथेही हाच फायदा मिळेल.

पाणंद | ६ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

सगळं वाचलं, दोनदा. मग क्रिकेटच्या सामन्याला कोट्यवधी लोक बघतात तेव्हा हेच वापरतात का?

कंदील | ६ जानेवारी, रात्री ८:२५

सर, तिथे मुख्य भार सीडीएनवर असतो. सीडीएन म्हणजे त्याच व्हिडिओच्या प्रती ठेवणारे सर्व्हर गावोगावी, नेटवर्क कंपन्यांच्या आवारातच नेऊन बसवायचे. वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्याला, १९ नोव्हेंबर २०२३, हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकी २ एमबीपीएस धरलं तरी ११८ टेराबिट प्रतिसेकंद होतात. मनात म्हणाल, इतके प्रेक्षक म्हणजे वाटणारे हातही इतके. पण आपल्याकडे त्यातले बहुतेक फोनवर, मोबाइल डेटावर. अपलोड महाग, बॅटरी उतरते.

शिवाय अडचण भिंतीची. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवतात. आतून बाहेर जोडणी लागते, बाहेरून आत लागत नाही. दोन्ही बाजूंना अशी भिंत असली की ब्राउझर एका तिसऱ्या सर्व्हरला विचारतात, 'मी बाहेरून कसा दिसतो?', तो पत्ता एकमेकांना कळवतात आणि दोघं एकाच वेळी आतून दार ढकलतात. बऱ्याचदा उघडतं. काही भिंती दर नव्या संभाषणाला नवं दार काढतात, तिथे उघडत नाही. आयपीव्ही६ आलं की प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. त्यात आपला देश जगात पुढच्या रांगेत आहे, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. वाफसा, सर्व्हरवर आयपीव्ही६ चालू आहे ना ते बघा.

वाफसा | ६ जानेवारी, रात्री ११:१०

बघितलं, बंद होतं! चालू केलं. आभार.

आणखी एक ठरवायचं होतं ते उशिराचं. पीअरट्यूबमध्ये थेट प्रक्षेपणाला तीन पर्याय आहेत. कमी उशीर, साधारण १५ सेकंद, पण त्यात पी-टू-पी बंद होतं. नेहमीचा, ३० सेकंदांच्या आसपास. आणि जास्त उशीर, मिनिटभर, ज्यात शेजाऱ्यांकडून मिळणारा वाटा वाढतो. कारण रानजाईंनी सांगितलंच आहे: तुकडा लागेपर्यंत जेवढा वेळ हाताशी, तेवढी शेजाऱ्याकडून मिळण्याची शक्यता जास्त. सामना असता तर मिनिटाचा उशीर कोणी सोसला नसता. व्याख्यानाला काय फरक पडतो? दूरच्या श्रोत्यांचे प्रश्न तेवढे जरा उशिरा येतील. आम्ही जास्त उशीर निवडतोय. प्रश्नोत्तरांच्या आधी मुलींचं एक गाणं ठेवलंय, तेवढ्यात प्रश्न पोचतील.

रानजाई | ७ जानेवारी, सकाळी ७:३०

निवड योग्य आहे. फ्रामासॉफ्टने २०२३ च्या शेवटी हजार ब्राउझर एकाच थेट प्रक्षेपणावर लावून चाचणी केली होती. पी-टू-पीमुळे सर्व्हरला लागणारी बँडविड्थ तीन ते चार पटींनी कमी झाली, असं त्यांनी लिहिलंय. पण ते चाचणीतले ब्राउझर, चांगल्या लाइनवरचे. तुमच्याकडे फोन जास्त, तेव्हा एवढी अपेक्षा धरू नका. दुप्पट झालं तरी उत्तम समजा. लॅपटॉपवाल्यांना आणि घरी फायबर असणाऱ्यांना आग्रहाने बोलवा, तेच खरे वाढपी.

वाफसा | २० जानेवारी, रात्री १२:१५

मंडळी, दोन दिवस झाले. आज नदीवालेच वक्ते पुन्हा होते, मुद्दाम बोलावले होते. गेल्या वर्षी अर्धवट राहिलेलं त्यांनी तिथूनच पुढे सुरू केलं.

सर्वात जास्त गर्दी झाली तेव्हा ३४० जण होते. नुसत्या सर्व्हरवर ८५० एमबीपीएस लागले असते, म्हणजे आमची लाइन केव्हाच बसली असती. सर्व्हरच्या लाइनचा आलेख ३३० एमबीपीएसच्या वर गेला नाही. मी मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. प्लेअरखाली शेजाऱ्यांचा आकडा दिसतो, त्यावर बोट नेलं की कोणाकडून किती आलं ते कळतं. पंचावन्न मिनिटांनंतर सर्व्हरकडून ३१० एमबी आणि शेजाऱ्यांकडून ७२० एमबी. ते शेजारी कोण, मला माहीत नाही. पण त्यातला कोणीतरी आमच्याच शाळेत शिकलेला असणार, आणि तो बसल्या जागेवरून गावातल्या वाचनालयात बसलेल्या मला गावातलं व्याख्यान पाठवत होता. मी बराच वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिलो.

गोफण, खालच्या खोलीतलं तुमचं म्हणणं खरं ठरलं. तिथल्या वायफायवर बारा-तेरा फोन होते आणि वाचनालयाची लाइन जराही हलली नाही.

अडचणीही लिहितो. पहिल्या दिवशी जुन्या आयफोनवाल्यांना शेजारी शून्यच दिसत होते. पी-टू-पीला ब्राउझरमधली जी सोय लागते ती आयफोनवर २०२३ च्या शरदात आली, त्याआधीच्या फोनवर चित्र सरळ सर्व्हरवरून जातं. दिसतं नीट, फक्त भार आमच्यावर. दुसरं, दोघांच्या घरी ऑफिसचा व्हीपीएन (सगळं इंटरनेट ऑफिसमार्गे फिरवणारी सोय) चालू होता, त्यांना शेजारी मिळाले नाहीत. तिसरं, सूचना वाचून सातजणांनी पी-टू-पी बंद केलं. तसं कळवलंही. मला ते बरं वाटलं.

दीपमाळ | २० जानेवारी, पहाटे ३:४०

मी त्या ३४० मध्ये होते! लंडनला दुपार होती, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत लावलं. एकदाही अडकलं नाही. मला नऊ शेजारी दिसत होते. सुट्टी संपली तरी आवाज बंद करून टॅब तसाच ठेवला होता, शेवटपर्यंत.

पाणंद | २० जानेवारी, सकाळी ६:२०

मीही पाहिलं, मुलाच्या लॅपटॉपवर. तो बाजूला बसून समजावत होता, मग त्यालाच मी मल्टिकास्ट समजावलं. वाफसा, जुन्या वर्षांची रेकॉर्डिंगं ठेवणार आहात का? तिथेही हे चालेल?

वाफसा | २० जानेवारी, सकाळी ८:०५

सर, ठेवणार आहोत. तिथे फारसं चालत नाही. काल रात्री पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग उघडून बघितलं, बघणारा मी एकटाच. शेजारी शून्य, सगळं सर्व्हरवरून. पण एकट्या-दुकट्याला पुरवायला ५०० एमबीपीएस भरपूर झाले. पीअरट्यूबमध्ये एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरवरच्या व्हिडिओची प्रत ठेवायची सोय आहे. तळकोकणातल्या एका वाचनालयाने तसा सर्व्हर उभारायची तयारी दाखवलीय. त्यांचं आम्ही ठेवू, आमचं ते ठेवतील. त्यांच्याकडे डिस्क किती मोठी हवी ते काढायला बसतोय: पाच व्याख्यानं, प्रत्येकी दोन दर्जांची, पावणेबारा जीबीच्या आसपास येतंय. जुन्या कॅसेट अजून धरलेल्या नाहीत. कॅसेटवरून आवाज उतरवून घेण्याचा कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा, पेटीत एकतीस निघाल्यात.

कंदील | २० जानेवारी, सकाळी ८:३०

माझ्याकडे चालू स्थितीतला टेपडेक आहे, रविवारी घेऊन येतो. तोवर कॅसेट लावून बघू नका, आतली फीत चिकटली असेल तर तुटेल.

वाफसा | २० जानेवारी, सकाळी ८:३३

या. जेवायलाच या. कॅसेटना हात लावत नाही.